आर्माडा : खेळाडूंची स्की कंपनी

मंडळी, आज आपण एका लहान कंपनीचा इतिहास पाहतो आहोत. आर्माडा ही स्की बनवणारी कंपनी 2002 साली निघाली. पण गोष्ट थोडी आधीपासून सांगावी लागते.

1990 च्या दशकात तरुण पोरं स्नोबोर्डकडे वळली होती. स्कीच्या ‘मोगल’ स्पर्धांत, म्हणजे उंचवट्यांच्या उतारावर, डोकं खाली करून उडी मारायला बंदी होती. तेव्हा कॅनडातल्या माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर, जे. एफ. क्युसॉन वगैरे मंडळींनी सरळ स्नोबोर्डवाल्यांच्या पार्कात जाऊन उड्या मारायला सुरुवात केली. लोक त्यांना ‘न्यू कॅनेडियन एअर फोर्स’ म्हणू लागले. अडचण होती ती स्कीची. पुढचं टोक वर वळलेलं, मागचं सपाट. पाठमोरं उतरलं की शेपूट बर्फात रुतायचं. दोन्ही टोकं वळलेल्या स्की आधीही होत्या, पण या कामाच्या नव्हत्या. डग्लसने आराखडा कंपन्यांपुढे ठेवला. नकार आले, शेवटी फ्रान्सच्या सॅलोमनने होकार दिला. 1998 च्या सुमारास ‘टेनएटी’ बाजारात आली. 1080 अंश, म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या! स्की खपली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

इथे आपण थोडं थांबू. कल्पना खेळाडूंची, जाहिरातीत चेहराही त्यांचाच, पण कंपनी दुसऱ्याची. खेळाडूला कराराचे पैसे मिळत. पुढची स्की कशी असावी, हा शेवटचा शब्द मात्र कारखानदाराचा. आर्माडाचा जन्म आपल्या मते इथेच झाला. ऑक्लेअर सॅलोमन सोडून आला. सोबत क्युसॉन, अमेरिकेचा टॅनर हॉल, फ्रान्सचा ज्युलियन रेनिए, बॉइड ईझली आणि छायाचित्रकार ख्रिस ओ’कॉनेल. संस्थापकांत छायाचित्रकार कशाला, असं वाटेल. पण हा खेळ घड्याळातल्या सेकंदांवर नव्हे, तर फिल्म आणि मासिकांतल्या फोटोंवर पसरला होता. कॅमेरा हेच त्यांचं दुकान होतं म्हणा ना.

नाव आहे, कसब आहे, आता पैसा. स्कीच्या धंद्याचं चक्र विचित्र आहे. दुकानदार पुढच्या हंगामाची मागणी आदल्या हिवाळ्याच्या शेवटी नोंदवतात, उन्हाळ्यात माल तयार होतो, शरद ऋतूत पोचतो, आणि पैसे सुटतात ते बर्फ पडल्यावर. प्रत्येक लांबीला साचा वेगळा. एखादा हिवाळा कोरडा गेला की माल पडून, देणी डोक्यावर. मधले महिने ज्याच्या पैशावर काढायचे, त्याचं ऐकावं लागतं. म्हणून अशा कंपन्यांत गुंतवणूकदार दारातला पाहुणा नसतो, घरातलाच एक होतो. जेसन लेव्हिन्थलने 1995 साली आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये सुरू केलेली ‘लाइन’ही 2006 मध्ये के-टू या मोठ्या कंपनीकडे गेली.

आर्माडा पंधरा वर्षं स्वतंत्र राहिली. 2014 मध्ये सोचीच्या ऑलिंपिकमध्ये स्कीचा स्लोपस्टाइल प्रकार पहिल्यांदा खेळला गेला. उड्या आणि पाठमोरं उतरणं, हाच तो खेळ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियात हिमस्खलनात ऑक्लेअर गेला.

2017 मध्ये फिनलंडच्या अ‍ॅमर स्पोर्ट्सने आर्माडा विकत घेतली. ऑक्लेअर जिथून बाहेर पडला होता, ती सॅलोमन 2005 पासून याच अ‍ॅमरच्या मालकीची होती.