देवीवरची श्रद्धा की मेनियातला भ्रम? फरक कसा ओळखायचा?

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवात, देवीच्या दर्शनासाठी मोठी रांग लागते. त्या रांगेतली एखादी बाई 'देवीनंच मला बोलावलं' म्हणाली, तर तिला कुणी आजारी ठरवणार नाही. पण तीच बाई चार रात्री न झोपता 'देवी मीच, ही गर्दी माझ्यासाठीच जमलीय' असं सांगत घरातले दागिने वाटायला निघाली तर?

बायपोलर आजारात मनःस्थिती दोन टोकांना जाते. एक टोक नैराश्याचं, दुसरं मेनियाचं, म्हणजे उन्मादाचं. मेनियात झोप कमी होते, तरी थकवा जाणवत नाही. विचार आणि बोलणं सुसाट सुटतं, पैसे भराभर खर्च होतात. तो तीव्र असेल तर आपण अवतार आहोत, आपल्यावर दैवी कामगिरी सोपवली आहे, असे भ्रमही होतात.

फक्त 'काय वाटतं' यावरून निदान होत नाही. एखाद्याच्या समाजात, संस्कृतीत सर्रास मानली जाणारी गोष्ट मानसोपचारशास्त्र भ्रम मानत नाही. अश्विनातल्या अष्टमीला घागर फुंकताना काहींच्या अंगात येतं. ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांच्या साक्षीनं होतं आणि ओसरल्यावर ती व्यक्ती पुन्हा आपल्या कामाला लागते. मेनिया पंचांग बघून येत नाही आणि आरती संपली म्हणून थांबतही नाही.

म्हणून आधी झोप बघायची. मग बदल किती अचानक झाला, ते. रोज अर्धा तास जप करणारा माणूस एकाएकी रात्रभर जपाला बसू लागला, शंका घेणाऱ्यावर चिडू लागला, नोकरी-पैसा पणाला लावू लागला, तर डॉक्टरांना भेटायला हवं. श्रद्धाळू माणसाला सहसा शंकाही पडते. भ्रमात ती जागाच उरत नाही. अर्थात ही रेघ नेहमी इतकी ठळक नसते.

बरं झाल्यावर अनेकांना प्रश्न छळतो: तो अनुभव देवाचा होता की आजाराचा? उपचारांसाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसारही, समाजातल्या प्रचलित धार्मिक समजुतींशी एखाद्याचं पटत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. बरं असतानाच घरच्यांसोबत आपल्या धोक्याच्या खुणा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

उपवासाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी किंवा अळणी उपवास केला, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. जागरणानंही मेनिया उसळू शकतो, त्यामुळे गरबा लवकर आटोपलेला बरा.

ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर मदत हवी असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे 14416.