शाळेतील गळती : आठवीनंतर तुटणारी साखळी आणि ती रोखण्याचे मार्ग

शाळेत नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्याने शिक्षणाचा टप्पा पूर्ण होण्यापूर्वीच शाळा सोडणे, याला शिक्षणाच्या परिभाषेत ‘गळती’ म्हणतात. भारतात या प्रश्नाची दखल स्वातंत्र्यापूर्वीच घेतली गेली होती. १९२९ साली हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ या दोन दोषांवर बोट ठेवले. मुले मध्येच शाळा सोडतात आणि उरलेल्यांपैकी अनेक जण एकाच इयत्तेत अडकून पडतात, असे तिचे निरीक्षण होते. त्यानंतरच्या काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. आज बहुसंख्य मुले पहिलीच्या वर्गापर्यंत पोहोचतात. गळतीचा मोठा भाग आता प्राथमिक शाळेत नसून आठवीनंतरच्या टप्प्यावर आढळतो.

आकडे काय सांगतात

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ या माहितीसंचानुसार २०२१-२२ मध्ये प्राथमिक स्तरावरील गळती १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होती. म्हणजे सहावी ते आठवीच्या तुलनेत नववी-दहावीतील गळती चौपटीहून अधिक होती. २०२२-२३ पासून ही माहिती शाळानिहाय एकत्रित न घेता विद्यार्थीनिहाय नोंदविली जाऊ लागली. त्यामुळे त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हाच उतार दिसतो. त्यात दिलेल्या माहितीनुसार सहावी ते आठवीचे एकूण पटनोंदणी प्रमाण ९०.९ टक्के होते. नववी-दहावीत ते ७९.३ टक्क्यांवर आणि अकरावी-बारावीत ५६.५ टक्क्यांवर आले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीच्या आधारे, ६ ते १७ वयोगटातील ३ कोटी २२ लाख मुले शाळाबाह्य असल्याचे या धोरणात नमूद आहे.

आठवीचा उंबरठा

हा उतार नेमका आठवीनंतर का सुरू होतो, याचे एक उत्तर कायदे आणि योजनांच्या रचनेत सापडते. १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. शाळेतील मोफत भोजन आठवीपर्यंतच मिळते. या कायद्याच्या केंद्रीय नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. माध्यमिक शाळेला हे बंधन लागू नाही. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर केलेल्या मदतीसारखे मोजके अपवाद त्यात आहेत. १४ ते १८ या वयात मात्र ही मनाई केवळ धोकादायक कामांपुरती राहते.

अशा रीतीने कायद्याचे संरक्षण, दुपारचे जेवण आणि घराजवळची शाळा हे तिन्ही आधार साधारणपणे एकाच वर्षी सुटतात. त्याच सुमारास मुलाच्या श्रमाला बाजारात मजुरी मिळू लागते आणि मुलीच्या विवाहाची चर्चा घरात सुरू होते. शाळा सोडण्याचा निर्णय कुटुंब घेत असले, तरी त्याची वेळ बऱ्याच अंशी व्यवस्थेने ठरविलेली असते.

प्रमुख कारणे

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात मुलांच्या बाबतीत अर्थार्जनाची कामे आणि मुलींच्या बाबतीत घरकाम ही शिक्षण सोडण्याची ठळक कारणे आढळली आहेत. सरकारी शाळेत शुल्क नाममात्र असले, तरी वही, गणवेश, प्रवास आणि परीक्षा शुल्काचा खर्च उरतोच. शिवाय मूल शाळेत गेल्याने बुडणारी मजुरी हा गरीब कुटुंबासाठी या सर्वांहून मोठा खर्च ठरतो.

मुलींच्या वाट्याला याहून अधिक अडथळे येतात. धाकट्या भावंडांची देखभाल, पाणी भरणे आणि स्वयंपाक ही कामे त्यांच्यावर पडतात. शाळेचा रस्ता निर्जन असेल किंवा शाळेत स्वतंत्र स्वच्छतागृह नसेल, तर वयात येताच त्यांची उपस्थिती घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. विवाहानंतर शाळेत परतणाऱ्या मुली विरळाच असतात.

शैक्षणिक मागासलेपण हे कारण सहज दृष्टीस पडत नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०१८ च्या अहवालानुसार पाचवीतील जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील उतारा वाचता येत होता. ज्याला वाचता येत नाही, त्याला सातवी-आठवीचे विज्ञान आणि गणित कळेनासे होते. सर्वेक्षणात असे मूल ‘शिक्षणात रस नाही’ या रकान्यात मोजले जाते. प्रत्यक्षात बरीच वर्षे वर्गात बसूनही ते मागे पडलेले असते.

हंगामी स्थलांतर हे आणखी एक कारण. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जात असल्याने मुलांना गावी सांभाळणारे कोणी उरत नाही. ओडिशातील बलांगीर आणि नुआपाडा भागांतून तेलंगण, आंध्र प्रदेश व तामिळनाडूतील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती आहे. शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग असा बुडाला, की मूल पुढच्या वर्षी शाळेकडे फिरकत नाही.

परिणामकारक ठरलेले उपाय

अडथळा नेमका ओळखून केलेल्या उपायांना यश आल्याची उदाहरणे देशात आहेत. तामिळनाडूत के. कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ मध्ये शालेय भोजन सुरू झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय योजना आणली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी रक्कम देण्यास प्रारंभ केला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. माध्यमिक शाळा दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेषत्वाने दिसला.

पश्चिम बंगालमध्ये २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या ‘कन्याश्री’ योजनेत, १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत अविवाहित राहून शिकणाऱ्या मुलीला एकरकमी २५ हजार रुपये मिळतात. वंचित घटकांतील मुलींसाठी २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी शाळांची साखळी उभी राहिली. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी महाराष्ट्र आणि ओडिशात हंगामी वसतिगृहे चालविली जातात, जेणेकरून पालक कामावर गेले तरी मूल गावच्या शाळेतच राहते.

शाळा आणि पालकांच्या हाती काय

मूल एके दिवशी अचानक शाळा सोडत नाही. आधी आठवड्यातून एखादा दिवस दांडी पडते, मग सलग आठवडा जातो, चाचणी बुडते आणि अखेरीस नाव केवळ पटावर उरते. म्हणून हजेरीपट हे गळतीची पूर्वसूचना देणारे सर्वांत स्वस्त साधन आहे. सलग तीन-चार दिवस अनुपस्थिती दिसताच वर्गशिक्षकांनी घरी संपर्क साधणे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अशा मुलांचा नावानिशी आढावा घेणे उपयुक्त ठरते. आठवी उत्तीर्ण झालेल्यांची यादी जवळच्या माध्यमिक शाळेला देऊन, नव्या सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा प्रवेश झाला की नाही याची खातरजमा करता येते.

पालकांनाही काही तरतुदी ठाऊक असणे आवश्यक आहे. आठवीपर्यंत जन्मदाखला नसल्याच्या किंवा शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाल्याच्या कारणावरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण खंडित झालेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. नियमित शाळेत परतणे शक्य नसलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाच्या १४ व्या वर्षानंतर दहावीची परीक्षा देता येते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना, फेरपरीक्षेची संधी देऊन, त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. अशा वेळी पूरक अध्यापनाची सोय झाली नाही, तर हार्टोग समितीने दाखविलेली ‘स्थगिती’ पुन्हा गळतीचे कारण ठरू शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिक्षण हक्क कायद्याची वयोमर्यादा मात्र १४ वर्षांवरच आहे. धोरण आणि कायदा यांतील हे चार वर्षांचे अंतर भरून निघेपर्यंत, आठवी पार केलेल्या मुलाला नववीच्या वर्गापर्यंत नेऊन पोहोचविण्याची जबाबदारी मुख्यतः राज्यांच्या योजना, शाळा आणि कुटुंब यांच्यावरच राहते.