पेल्यांची दश्शी

टॅरोच्या 78 पत्त्यांत टिकाऊ सुखाचा पत्ता म्हणून ओळखली जाते ती पेल्यांची दश्शी. आकाशात इंद्रधनुष्य, त्यावर मांडलेले दहा पेले, खाली हात उंचावून पाहणारे जोडपे, शेजारी नाचणारी दोन मुले, मागे झाडीतले घर. हे चित्र फार पुरातन असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात ते 1909 सालचे आहे. त्याआधीच्या शतकांत या पत्त्यावर दहा पेले आणि थोडी वेलबुट्टी यापलीकडे सहसा काही नसे.

टॅरो पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत जन्मला, तो भविष्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी. पेले, तलवारी, नाणी आणि दंड हे रंग इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांवरून युरोपात आधीच रुळले होते. मिलान, फेरारा येथील दरबारांत त्यांना सूर्य, जग, दैवचक्र अशा कायमच्या हुकमांची जोड मिळाली. गंमत अशी की जुन्या नियमांनुसार पेले आणि नाणी या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा चाले. एक्का दुरीला मारी, दुरी तिरीला. म्हणजे आजचा परमसुखाचा पत्ता तेव्हा आपल्या रंगातला सर्वांत दुबळा होता.

1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचे पुस्तक असल्याचे जाहीर केले. पुरावा काहीच नव्हता, पण कल्पना चिकटली. लवकरच एतेला या टोपणनावाने पत्ते सांगणाऱ्या जाँ-बातिस्त आलिएत याने प्रत्येक पत्त्याला ठरावीक अर्थ दिला. पेल्यांच्या दश्शीच्या वाट्याला आले ‘शहर’, म्हणजे माणसाचे राहते ठिकाण. सुखाचा त्यात उल्लेख नाही.

तो आणला लंडनमध्ये 1888 साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने. त्यांनी छोट्या, म्हणजे चार रंगांतल्या आकड्यांच्या पत्त्यांना राशी आणि ग्रह वाटून दिले. पेल्यांच्या नव्वीला मीन राशीतला गुरू मिळाला आणि ती ऐहिक सुखाची ठरली. खाणेपिणे, ऐषआराम, थोडी आत्मप्रौढीही. दश्शीचे सुख मात्र वरून लाभलेले, म्हणून टिकणारे मानले गेले. विषयसुखाचा भाग कमी असला तरी ते अधिक खरे, असा त्यांचा निवाडा. पण तिचा ग्रह मंगळ! टिकाऊ सुखाला भांडखोर ग्रह कसा, हा प्रश्न लटकतच राहिला.

याच मंडळातल्या आर्थर एडवर्ड वेट याने पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून पत्त्यांचा नवा जोड काढून घेतला. छोट्या पत्त्यांवरही प्रसंगचित्रे आली, हा तिचा मोठा वाटा. वेटने आपल्या पुस्तकात या पत्त्याचा अर्थ अंतःकरणाची पूर्ण विश्रांती आणि मानवी प्रेमाची पूर्तता असा दिला, आणि शेवटी एतेलाचे ‘राहते गाव’ही जोडून टाकले. चित्राविषयी त्याचे निरीक्षण मार्मिक आहे: मुलांनी आकाशातले नवल पाहिलेलेच नाही, ती आपल्या परीने आनंदात आहेत. मोठ्यांचे सुख दर्शनातून येते, मुलांचे त्याविनाच. पत्त्यावरचा हा सर्वांत सूक्ष्म तपशील बहुतेक मार्गदर्शक पुस्तके गाळतात.

मंगळाचा प्रश्न गूढविद्येचा लेखक अलेस्टर क्रॉली याने 1944 च्या ‘बुक ऑफ थॉथ’मध्ये हाती घेतला. फ्रिडा हॅरिसने चितारलेल्या त्याच्या जोडात ‘सुख’ हे नाव नव्वीला आहे आणि दश्शीला ‘अतितृप्ती’. पूर्णत्वाला पोचलेल्या गोष्टीवर मंगळ आघात करतोच, असे त्याचे म्हणणे. तर्क म्हणून ते वेटपेक्षा सरस आहे.

तरीही लोकांच्या मनात ठसला तो स्मिथचा सुखी संसार. आजचे बहुसंख्य जोड तिच्याच चित्रांवर बेतलेले असतात. मोठे काम, पण पैसे फार थोडे, असे तिने नोव्हेंबर 1909 मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झला कळवले होते. जोड मात्र कितीतरी वर्षे प्रकाशक रायडर आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला.