चामडी बांधणी आणि तरवडाची साल

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण उज्जयिनीतली सगळी मराठी घरे काही त्यांच्यामागे गेली नाहीत. देवास गेटच्या आसपास अशी घरे असतील, तर त्यांनी आपले जुने कपाट एकदा उघडावे. रुमालात बांधलेली हातकागदाची पोथी बहुधा धड निघेल. तिच्याहून धाकटा, सोनेरी अक्षरांचा चामडी ग्रंथ मात्र बोटांना तांबडी भुकटी लावील.

दोष वाळवीचा नव्हे, कातडे कमावण्याचा आहे. १९०० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने या नासाडीच्या चौकशीसाठी समिती नेमली. सुमाकच्या पानांनी कमावलेले कातडे तिला टिकाऊ वाटले. हिंदुस्थानातून जाणारे, आपल्याच पिवळ्या फुलांच्या तरवडाच्या सालीने कमावलेले कातडे तिने बांधणीला नापसंत ठरवले. असे कातडे कोळशाच्या धुरातला गंधकवायू शोषते, त्याचे आम्ल होते आणि कातडे आतून सुटते. स्टेशनाजवळच्या वस्तीला कोळशाचा धूर नवा नव्हता!

तेव्हा, वडीलधारे सांगत असले तरी, अशा कातड्याला खोबरेल चोळू नका. ते काळे पडते आणि पाने डागाळतात. चिकटपट्टी तर नकोच. कागद फाटला असेल तर गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा, ती पाण्याने सुटते. निखळलेला पुठ्ठा सुती नाडीने बांधून ग्रंथ धुतलेल्या कापडात, म्हणजे रुमालातच, ठेवा. आणि नवी बांधणी करताना जुना पुठ्ठा टाकण्याआधी आतली बाजू पाहा: पुष्कळदा घरातल्या जन्ममृत्यूंच्या तिथ्या तिथेच लिहिलेल्या असतात.