पत्र्याचे छप्पर बदलणे

निवासी इमारतीवरील गंजलेला वा गळका धातूचा पत्रा उतरवून त्या जागी नवा बसविण्याच्या कामास पत्र्याचे छप्पर बदलणे असे म्हणतात. महाराष्ट्रात हे काम बहुधा पावसाळ्यापूर्वी केले जाते.

== पार्श्वभूमी ==
पन्हळी लोखंडी पत्र्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये इंग्लंडमध्ये मिळविले. पन्हळींमुळे पातळ पत्र्यास ताठरपणा येतो. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. कोकणात कौले शाकारण्याचा दरवर्षीचा खर्च आणि माकडांचा उपद्रव यांमुळे अनेक घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले.

== जीर्ण होण्याची कारणे ==
जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. त्याचा थर संपला की तांबडा गंज धरतो. समुद्रकिनारी खाऱ्या हवेमुळे ही झीज लवकर होते. पाणी साचून राहणारे पत्र्यांचे जोड, बोल्टची भोके आणि पालापाचोळा अडकणारी पन्हळ येथे गंजाची सुरुवात होते. उन्हाने रबरी वायसर कडक होऊन तडकल्यास पत्रा शाबूत असूनही छप्पर गळते; अशा वेळी केवळ बोल्ट व वायसर बदलणे पुरेसे ठरू शकते. भोकांवर डांबर लावणे हा तात्पुरता उपाय होय.

== कामाची पद्धत ==
प्रथम वासे, आढे व लोखंडी कैच्या तपासतात. वाळवी लागलेल्या लाकडावर नवा पत्रा ठोकणे व्यर्थ असते. पत्रे वळचणीकडून आढ्याकडे लावत जातात, म्हणजे वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर येते. आडव्या दिशेने मात्र वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करतात, जेणेकरून जोडाचे तोंड वाऱ्याकडे येत नाही. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारण्याची रीत आहे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. पत्रा कापताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा लागतो. तो राहिल्यास नव्या पत्र्यावर गंजाचे डाग पडतात. जस्त-ॲल्युमिनियम मिश्रधातूचा मुलामा साध्या जस्तापेक्षा अधिक टिकतो, परंतु ओल्या सिमेंटच्या संपर्काने तो खराब होतो.

== वारा आणि छप्पर ==
कौलारू छप्पर बऱ्याच अंशी स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. पत्रा हलका असल्याने वारा त्यास वर उचलतो, आणि हा ताण कडा, कोपरे व आढे येथे सर्वाधिक असतो. म्हणून तेथे बोल्ट जवळजवळ घेतात. पत्रा वाशांना आणि वासे भिंतीला अशी साखळी पूर्ण नसेल, तर चांगल्या बोल्टांसह सांगाडाच उडून जातो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांवरील पत्रे उडाले होते.

== धोके ==
गंजलेला पत्रा पायाखाली अचानक फाटतो. त्यामुळे कामगारांनी बोल्टांच्या ओळीवरून, म्हणजे खाली आधार असलेल्या जागेवरूनच चालावे आणि कमरेला सुरक्षापट्टा बांधावा. प्रकाशासाठी बसविलेले प्लॅस्टिकचे पत्रे याहून फसवे असतात. जुना पत्रा धातूचा नसून ‘सिमेंटचा’ असल्यास त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग संभवतो. असा पत्रा न फोडता, ओला करून अखंड उतरवितात.

उतरविलेल्या धातूच्या पत्र्यांपैकी बरे असलेले गोठा, लाकडांची खोप किंवा कुंपणासाठी वापरले जातात, उरलेले भंगारात जातात.