पिधान

‘अपि’ उपसर्ग आणि ‘धा’ धातू मिळून ‘अपिधान’, म्हणजे झाकण. त्यातला ‘अ’ गळून ‘पिधान’ उरलं. परिधान, निधान ही त्याचीच भावंडं.

एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकलं की तेही पिधान. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा पाहा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मोठा, थंड जोडीदार लहान, तप्त ताऱ्यापुढे येतो आणि तेज 2.1 प्रतीवरून 3.4 वर उतरतं (प्रतीचा अंक मोठा, तितका तारा मंद). हे कारण 1783 मध्ये अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या जॉन गुडरिकने सुचवलं. केवढी ही नजर! थोराड दिसणाऱ्या जोडीदाराचं वस्तुमान मात्र कमी. त्याचं द्रव्य शेजाऱ्याने ओढून घेतलंय.

डोंबिवलीच्या झगमगाटात अल्गोल नीट दिसत नाही. डिसेंबरात रात्री नऊला वांगणीच्या माळावरून उत्तरेला उंच पाहा; देवयानीतल्या अलमाकपेक्षा तो मंद दिसला, तर पिधान चालू आहे.