हुजूर दप्तरांतील कारकुनांची तालीम व वरिष्ठांची देखरेख

आम्ही ज्या तळेगांवीं राहतों त्याच्या नांवांतच श्यामजी पंत आहेत. हे पंत कोण, याचा शोध येथें कर्तव्य नाहीं. परंतु ‘पंत’ म्हटलें कीं लेखणीचा माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि मराठ्यांच्या इतिहासांत तलवारीच्या माणसांइतका या लेखणीच्या माणसांचा विचार झालेला नाहीं. चाकराच्या हातून काम चांगलें होतें तें त्याच्या शिक्षणामुळें कीं वरिष्ठाच्या देखरेखीमुळें, हा प्रश्न नेहमींचाच आहे. पुण्याच्या हुजूर दप्तराइतका त्याचा बोलका पुरावा अन्यत्र क्वचितच सांपडेल.

कारकुनाची तालीम शाळेंत होत नसे. मुलगा घरीं मोडी गिरवी, पत्रांचे मायने व हिशेब शिके, आणि पुढें कोणा नातलगाच्या ओळखीनें दप्तरांत उमेदवार म्हणून बसे. कागद उतरून काढतां काढतां त्यास रोजकीर्द, खतावणी व तर्जुमा यांचा परिचय होई. लेखनाचे नियम सांगणारीं मेस्तकें होतीं. हेमाद्रीच्या नांवावर चालणारें मेस्तक प्रसिद्धच आहे. नाना फडणीस स्वतः याच रीतीचें फळ. त्यांचा जन्म इ. स. १७४२ चा; १७५६ त वडील जनार्दन बल्लाळ वारले व चौदाव्या वर्षीं फडणिशी त्यांच्याकडे आली.

दप्तराचे मुख्य भाग दोन, चालतें दप्तर व एकबेरीज. चालत्या दप्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा होत्या. सनदा व आज्ञा फडांतून निघत. त्या कागदांवरून बेहेड्यांत जमाखर्चाचे अंदाज होत. एकबेरजेंत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र येऊन जमा, खर्च व शिल्लक यांचे तर्जुमे बनत. अशा रचनेंत एकाची चूक दुसऱ्याच्या कागदांत उघडी पडे, मात्र ती पाहणारा कोणी असला पाहिजे. नानांस हिशेब स्वतःस येत होता. त्यांच्या संशयी स्वभावाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण हिशेब तपासणारास संशय हा दोष नव्हे.

१७९६ त दुसरा बाजीराव गादीवर आला. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना कैद झाले, पुढील वर्षीं सुटले, आणि १३ मार्च १८०० रोजीं निवर्तले. इंग्रजी अमलांत मॅक्लाउड साहेबांनीं दप्तराची जी हकीकत दिली तिचा आशय असा कीं, नानांच्या वेळीं तें सुव्यवस्थित होतें. बाजीरावाच्या वेळीं त्याची हेळसांड झाली व कागदांपर्यंत वाटेल त्याचा हात पोंचूं लागला.

यावर कोणी म्हणेल कीं, तो काळच धामधुमीचा होता. २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई, पुण्याची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, हें सर्व खरें. परंतु वसईच्या तहानंतर बाजीराव १८०३ च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेच्या आश्रयानें पुण्यास परतला, आणि १८१७ पर्यंत शहरावर पुन्हां तसा प्रसंग आला नाहीं. विस्कटलेली घडी बसविण्यास चौदा वर्षें थोडीं नव्हेत. मोडी तीच होती, मेस्तकें तींच, उमेदवारीची रीतहि तीच. बदललें तें इतकेंच कीं, मामलती मक्त्यानें दिल्या जाऊं लागल्या. ठरलेली रक्कम हातीं आली कीं धनी संतुष्ट. मग गांवोगांवचे ताळेबंद मागविणार कोण, आणि मागविलेच तर वाचणार कोण? वाचणारा नसला म्हणजे लिहिणाराचा हात कसा सैल पडतो, हें आम्हीं शाळेंतील निबंधवह्यांवरूनहि पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

याचा भुर्दंड मात्र ना बाजीरावास पडला, ना त्याच्या कारकुनांस. १८५२ त इनाम कमिशन कायद्यानें बसलें आणि वंशपरंपरेच्या जमिनींचे दाखले मागूं लागलें. इनामदाराची सनद याच दप्तरांतील नोंदींशीं ताडून पाहण्यांत येई. ज्याच्या घरची सनद गहाळ झाली होती त्याचा सर्व भरंवसा, पन्नास वर्षांपूर्वीं कोणा कारकुनानें त्या दिवसाची नोंद नीट केली होती कीं नाहीं, यावर येऊन ठेपला.